पहिल्या लेखानंतर

जात्यावर ओव्या रचणारी बाई मराठी मुलखाला नवी नव्हती. जनाबाईंचे अभंग वारकरी शतकानुशतके गात आले आहेत. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी तर आपल्या आयुष्याची हकिगतच अभंगांतून सांगून ठेवली. ही रचना तोंडोतोंडी टिकली, किंवा फार तर कुणाच्या तरी वहीत उतरली. एकोणिसाव्या शतकात मराठी छापखाने आले, पाठोपाठ नियतकालिके आली आणि बाईच्या लिहिण्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. छापलेल्या मजकुराखाली नाव येते. ते अनोळखी पुरुषांच्या हाती पडते, वाचनालयात मोठ्याने वाचले जाते, त्याला उलट उत्तरे छापून येतात. परक्या माणसासमोर घरातली बाई ओसरीवरही येत नसे, अशा काळात तिचे नाव चारचौघांत फिरणे घराण्याला कमीपणा आणणारे मानले जाई. मुलगी शिकली तर लवकर विधवा होते, तिच्या नवऱ्याच्या ताटातल्या अन्नाच्या अळ्या होतात, असेही लोक मनापासून मानत. अशा परिस्थितीत ज्यांचे लेखन छापून आले, त्यांच्यापैकी बहुतेकींकडून कुणीच लेखनाची अपेक्षा केलेली नव्हती. त्यांचा पहिला लेख कसा छापला गेला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा आला की नाही, यात मराठी स्त्रीलेखनाचा बराचसा इतिहास आहे.

या इतिहासातले एक अगदी आरंभीचे आणि आजही थक्क करणारे पान एका शाळकरी मुलीचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. 1852 मध्ये त्यांनी वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. सावित्रीबाई स्वतः लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह 1854 मध्ये निघाला. त्याच्या पुढच्याच वर्षी फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. ती लहुजी वस्ताद साळवे यांच्या नात्यातली. लहुजींची तालीम पुण्यात प्रसिद्ध होती, तरुण जोतीराव त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले होते आणि आपल्या समाजातली मुले शाळेत यावीत म्हणून लहुजींनी खटपट केली होती. मुक्ताचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते आणि शाळेत तिची जेमतेम तीन वर्षे झाली होती.

तिच्या निबंधाचे नाव ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं’. तो ‘ज्ञानोदय’ने 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 अशा दोन अंकांत छापला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेले, आणि त्यात मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही असे. मिशनऱ्यांना हा निबंध छापावासा का वाटला हे उघड आहे. ब्राह्मणी धर्मव्यवस्थेवर तीत दबलेल्या मुलीनेच बोट ठेवले होते, आणि मिशनच्या प्रचाराला ते सोयीचे होते. पण निबंध वाचताना ध्यानात येते की मुक्ता मिशनचे काम करत नाही. ती धर्मांतराची भाषा बोलत नाही, कुणी पढवलेले पाठ म्हणत नाही. वेद ही ब्राह्मणांचीच मालमत्ता असेल आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहूही नयेत असे असेल, तर आम्हाला धर्मग्रंथच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा देवालाच प्रश्न आहे. पुढे ती एक पाऊल आणखी टाकते. एकालाच अधिकार आणि बाकीच्यांनी दीन होऊन राहायचे, असा धर्म पृथ्वीवर नसलेलाच बरा, इथपर्यंत तिचा युक्तिवाद जातो. तर्काची ही धार वयाने मोठ्या, शिकलेल्या लेखकांतही त्या काळी क्वचित सापडते.

निबंधाचा मधला भाग हा पेशवाईतल्या छळाचा वृत्तांत आहे. तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराचे शीर उडवून त्याचा चेंडू करत, वाड्याच्या पायात माणसाला तेल-शेंदूर पाजून पुरत, अस्पृश्याने चोरून वाचायला शिकल्याचे कळले तर त्याची काय गत होई, हे तिने लिहिले आहे. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. मुक्ताने लिहिले तेव्हा त्या गोष्टीला सदतीस वर्षे झाली होती, म्हणजे तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो काळ डोळ्यांनी पाहिलेला होता. हे सगळे कुणा इतिहासकाराने नोंदवण्याआधी एका मुलीने घरात ऐकलेल्या आठवणींवरून लिहून काढले. तिथून ती आपल्या काळावर येते. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायका, आजारी पडल्यावर वैद्याला द्यायला पैसा नसणे, काम न मिळणे. आणि निबंधातली सर्वांत धीट जागा तर तिच्या स्वतःच्याच लोकांविषयीची आहे. महार स्वतःला मांगांपेक्षा उच्च समजतात आणि वरच्यांनी घालून दिलेला विटाळ आपसातही पाळतात, हे ती सांगते. अखेरीस इंग्रजी राज्यामुळे जुलूम थांबल्याबद्दल समाधान मानून ती मांग-महारांना शिका म्हणून कळकळीने विनवते. दुखण्यावर ज्ञान हेच औषध, अशा अर्थाचे तिचे सांगणे आहे.

ना. वि. जोशी यांच्या पुणे शहरावरील 1868च्या पुस्तकात या निबंधाला जागा मिळाली, म्हणजे तो दोन अंकांत येऊन विसरला गेला असे म्हणता येत नाही. तरी मुक्ताचा दुसरा लेख सापडत नाही. तिच्या पुढच्या आयुष्याची धड माहितीही नाही. निबंध हा शाळेतल्या अभ्यासाचा भाग होता. त्या काळी शाळांच्या परीक्षा गावकऱ्यांसमोर घेतल्या जात, मुलांचे पाठांतर आणि वाचन लोक जमून ऐकत, आणि चांगला निबंध छापून येणे ही शाळेच्या यशाची खूण मानली जाई. शाळा संपली की ही सोय संपली. मोठ्या झालेल्या मुक्ताकडे आणखी लेख मागणारा संपादक नव्हता, तिच्या लोकांत वर्गणीदार नव्हते. आपल्याला हे आज खटकते, कारण 1855 मध्ये मराठी गद्य स्वतः घडत होते. निबंध हा प्रकार नुकता रुळत होता आणि मुक्ताने तो ज्या ताकदीने हाताळला, ती ताकद पुढची वीस-पंचवीस वर्षे कामी आली असती.

मधल्या काळात स्त्रियांची नावे तुरळकच दिसतात. साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कादंबरी 1873 मध्ये निघाली. मराठी स्त्रीने लिहिलेली ती पहिली कादंबरी मानली जाते. ती ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांच्या पठडीतली अद्भुतरम्य आहे, आणि साहित्याच्या इतिहासात तिला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

1882 हे वर्ष मात्र वेगळे आहे. त्या वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. रमाबाई संस्कृत पंडिता म्हणून आधीच देशभर गाजल्या होत्या, तेव्हा त्यांच्याकडून पुस्तकाची अपेक्षा होतीच. त्याच वर्षी बुलढाण्याच्या एका मराठा घरातल्या बाईचे चोपडे पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले, त्याची कल्पना मात्र कुणालाच नव्हती. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा तो निबंध. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. एकुलत्या मुलीला सासरी न पाठवता त्यांनी घरजावई केला. ताराबाईंना मूलबाळ झाले नाही. वऱ्हाडातल्या त्या गावी पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे येत, ती त्या वाचत, आणि वाचता वाचता त्यांचा संताप वाढत गेला.

निमित्त झाले सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेने आपले अनौरस मूल जन्मताच मारले, म्हणून 1881 मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण तेवढ्यावरून ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला चारित्र्यहीन ठरवायला सुरुवात केली. पुनर्विवाहाची बंदी कुणी घातली, त्या विधवेला त्या अवस्थेला कुणी आणले, तिच्याबरोबर पापात वाटेकरी असणारा पुरुष कुठे गेला, हे कुणी विचारत नव्हते. ताराबाईंनी ते विचारले.

त्यांच्या लेखनाला शिस्त नाही, आणि ती नसणे हेच त्याचे बळ आहे. प्रस्तावनेत त्यांनी सांगितले आहे की हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, मराठमोळ्याच्या घरात कोंडलेल्या बाईने लिहिला आहे, तेव्हा भाषेतली कठोरता वाचकाने समजून घ्यावी. एवढे नम्रपणे सांगून झाल्यावर त्या जे सुरू करतात ते थांबतच नाही. बायकांवर ठेवले जाणारे आरोप, चंचलपणा, कपट, अविचार, त्या एकेक हातात घेतात आणि तोच दोष पुरुषांत किती पटीने आहे हे दाखवत जातात. सत्तर वर्षांचा म्हातारा दहा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो तेव्हा त्याला धर्म आडवा येत नाही. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणतो, आणि नवरा मेला की बाईने मात्र केस काढून कोपऱ्यात बसायचे. पातिव्रत्य फक्त स्त्रीलाच का, हा त्यांचा मुद्दा एखाद्या वकिलाच्या चिकाटीने त्या पुन्हा पुन्हा लावून धरतात. पुराणातल्या देवांनाही त्या सोडत नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतली स्त्रीचित्रे किती खोटी आहेत, हेही सांगतात. हे मराठीतले आरंभीचे स्त्रीवादी साहित्यपरीक्षण आहे आणि ते एका पहिल्याच निबंधात, जाता जाता, येऊन गेले आहे. सुधारक आणि सनातनी दोघांनाही त्यांचा मार बसतो. बोलण्याच्या सुधारणा आणि घरातली वागणूक यांतले अंतर त्यांनी फार जवळून पाहिलेले होते. भाषा घरातली आहे, भांडणातली आहे, म्हणींनी भरलेली आहे. पुण्याच्या शाळांतून घडत असलेल्या संस्कृतप्रचुर गद्याचा तिच्यावर काहीच परिणाम नाही.

पुस्तकाचे स्वागत कडवट झाले. सत्यशोधक वर्तुळातूनही त्याची हेटाळणी झाली, हे विशेष वाईट, कारण तिथे तरी ते समजून घेतले जायला हवे होते. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले. पण तोपर्यंत जे व्हायचे ते झाले होते. ताराबाईंनी नंतर काहीही छापले नाही. पाचशे प्रती कुठे गेल्या कळत नाही. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा संपादित करून छापले, तेव्हा ते मराठी वाचकांना जवळजवळ नव्यानेच कळले. त्र्याण्णव वर्षे हा निबंध मराठी साहित्याच्या हिशेबात नव्हता.

ताराबाईंना घरात वडिलांचा पाठिंबा होता, अंगी धारदार भाषा होती, छापण्याइतका पैसाही उभा राहिला. अडचण एवढीच, की पुस्तक ही एकदाच करायची गोष्ट होती. पुस्तक काढले, लोक हसले, संपले. त्याच्या पुढच्या महिन्यात दुसरा मजकूर द्यायला बांधून घेणारे काहीच त्यांच्यापाशी नव्हते. ही उणीव पुढच्या पिढीत मासिकांनी भरून काढली.

काशीबाई कानिटकर यांचा जन्म 1861 मध्ये आष्ट्याचा. मुलींना शिकवण्याची चाल माहेरी नव्हती. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा, गोविंद वासुदेव कानिटकर, इंग्रजी शिकलेला, पुढे न्यायखात्यात नोकरी करणारा, कविता लिहिणारा, शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणणारा. शिकलेल्या नवऱ्यांच्या त्या पहिल्या पिढीला अशिक्षित बायको चालत नव्हती, आणि सासरच्या बायकांना शिकणारी सून चालत नव्हती. काशीबाईंनी या दोन्ही बाजूंचा ताण सोसून, पुष्कळ वेळा चोरून, अक्षरे गिरवली. त्यांचे पहिले छापील लेखन म्हणजे प्रार्थनासमाजाच्या ‘सुबोधपत्रिके’तला 1881 च्या सुमाराचा, पूर्वीच्या आणि सध्याच्या स्त्रियांविषयीचा निबंध. विषय सभ्य, सूर संयत. ताराबाईंच्या पुस्तकाशी त्याची तुलना केली तर तो फिका वाटतो. पण त्याच्यानंतर काशीबाई थांबल्या नाहीत.

‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ मासिकात 1886 च्या सुमारास त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने येऊ लागली. हप्त्याची गंमत अशी की प्रत्येक अंकाच्या शेवटी ‘पुढील अंकी चालू’ छापले की लेखिकेवर एक बंधन येते. संपादक मजकुराची वाट बघतो, वाचक विचारतो, घरातली माणसेही हळूहळू धरून चालतात की या बाईला महिन्याकाठी चार कागद लिहून पाठवायचे असतात. स्वयंपाकघरातून वेळ काढायला तिला एक सांगण्यासारखे कारण मिळते. बाईच्या नावाने लेख आला की तो नवऱ्यानेच लिहून दिला असणार, अशी शंका लोक घेत. महिनोन्महिने चालणाऱ्या लेखनासमोर ती शंकाही टिकत नसे. ‘रंगराव’ पुस्तकरूपाने निघायला 1903 साल उजाडले. ती थोर कादंबरी नाही. पण ती लिहिताना काशीबाई लेखिका झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी 1887 मध्ये वारल्या आणि दोनच वर्षांत काशीबाईंनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठी स्त्रीने लिहिलेले दुसऱ्या स्त्रीचे हे पहिले महत्त्वाचे चरित्र. पुढे कथा, आणखी कादंबऱ्या आणि अखेर अपूर्ण आत्मचरित्र. ते सरोजिनी वैद्य यांनी 1979 मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले.

काशीबाईंचे स्नेही हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ छापली. यमुना नावाची विधवा स्वतःची कहाणी सांगते, अशी तिची रचना आहे. पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलेले हे आत्मचरित्र घराघरांत वाचले गेले आणि वाचून लोक रडले. खऱ्या बाईच्या हातचे आत्मकथन पुस्तक म्हणून यायला त्यानंतर आणखी वीस वर्षे लागली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये निघाले. लग्नाच्या वेळी अकरा वर्षांच्या आणि निरक्षर असलेल्या रमाबाईंना महादेव गोविंद रानड्यांनी स्वतः शिकवले होते. आठवणी लिहिल्या त्याही रानड्यांच्या निधनानंतर, त्यांचे थोरपण सांगण्याच्या हेतूने. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. नवऱ्याचे चरित्र सांगायला बसलेली बाई त्यात सासरच्या बायकांनी शिकण्यावरून केलेला छळ इतक्या बारकाईने सांगते, की पुस्तक अखेर तिचेच होऊन जाते. स्वतःविषयी लिहायला पतीच्या आठवणींची ही आडवाट त्या काळातल्या बाईला समाजमान्य होती, आणि पुढेही तिचा उपयोग झाला.

लक्ष्मीबाई टिळक याच वाटेने आल्या. जन्म 1868, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लग्नानंतर कवी नारायण वामन टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली, पण शिक्षण म्हणावे असे काही झाले नाही. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना त्यांच्यापासून दूर ठेवले, काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला त्यांच्याकडे गेल्या आणि पुढे 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मुक्ताचा निबंध छापणाऱ्या ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग टिळकांनी 1912 पासून सांभाळला. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या घरातच प्रुफे, हस्तलिखिते आणि कवींची ये-जा होती. त्या कविताही करत, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुढे पूर्ण केले.

1919 मध्ये टिळक वारले. मुलगा देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. लक्ष्मीबाईंनी त्या लिहायला घेतल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाले. आधी नियतकालिकातून हप्त्यांनी, मग 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूपाने. सोवळ्याओवळ्याने वेडे झालेले वडील, घर सोडून कधीही निघून जाणारा नवरा, दुष्काळ, प्लेग, दारिद्र्य, हे सगळे त्यांनी बोलण्याच्या सहज मराठीत, स्वतःला मोठे न करता आणि कुणाला खाली न पाडता लिहिले. मराठी गद्यात या पुस्तकाच्या तोडीची पुस्तके फार नाहीत. 1933 मध्ये नागपूरच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. 1936 मध्ये त्या वारल्या आणि शेवटचा भाग त्यांच्यामागून आला.

1933 मध्येच ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ उडवून दिली. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर, आणि ते टोपणनाव होते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातल्या इच्छा त्या कथांत उघडपणे आल्या. पुस्तक ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केले. लेखिका कोण याचा शोध लोक जंग जंग पछाडून घेत राहिले, आणि पुढे पुष्कळ वर्षांनी ते नाव बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर यांचे असल्याचे सर्वांना कळले. स्त्रीशिक्षणसंस्थेत काम करणाऱ्या शिक्षिकेला खऱ्या नावाने ते पुस्तक काढणे परवडले नसते. टोपणनावाने त्यांना नोकरी टिकवता आली आणि लिहीतही राहता आले.

त्या आधी तीन वर्षे, 1930 मध्ये, किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले होते. पुढच्या पन्नास वर्षांत गृहिणी, शिक्षिका, परिचारिका अशा असंख्य बायकांचे पहिले लेखन या मासिकाने छापले. 1982 मध्ये याच मासिकातून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ क्रमशः येऊ लागले.

बेबीताई फलटणच्या. 1929 चा जन्म. शिक्षण थोडे, लग्न लवकर, मुले बरीच. घरखर्चाला हातभार म्हणून त्यांनी छोटे दुकान घातले. दुकानात सामान बांधायला रद्दी येई. पुड्या बांधण्याआधी त्या रद्दीचे कागद त्या वाचून काढत. त्या कागदांतून वाचनाची गोडी लागली आणि गिऱ्हाईक नसताना, नवरा बाहेर गेलेला असताना, त्या वहीत लिहू लागल्या. लिहिलेले त्या कुणाचा हात जाणार नाही अशा धुळकट जागी दडवून ठेवत. सुमारे वीस वर्षे घरात कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. फलटणला राहून भाषेचा अभ्यास आणि शाळेचे काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्याशी ओळख झाली, त्यांनी ते लेखन वाचले आणि छापायला द्यायला लावले. आजोळच्या वीरगावच्या महारवाड्यातले जगणे, सासुरवास, पोतराज, मरीआई, आणि आंबेडकरांच्या हाकेने उठलेल्या बायका, असे सबंध समाजाचे चरित्र या लेखमालेत आले. पुस्तक 1986 मध्ये निघाले. शिक्षिका असलेल्या शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही याच सुमारास ‘पूर्वा’ मासिकातून क्रमशः आली आणि 1986 मध्येच पुस्तक झाली. त्या आधीच कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ 1981 मध्ये प्रसिद्ध झाले होते. दलित स्त्रियांची आत्मकथने म्हणून ही पुस्तके आता विद्यापीठांत शिकवली जातात. ‘जिणं आमुचं’ माया पंडित यांच्या अनुवादामुळे 2008 मध्ये इंग्रजीत गेले.

यांपैकी बऱ्याच लेखिकांचे पहिले लेखन पुस्तकांच्या यादीत शोधले तर नेमके सापडत नाही. ते ‘ज्ञानोदय’, ‘सुबोधपत्रिका’, ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’, ‘स्त्री’, ‘पूर्वा’ यांच्या अंकांत आहे. मराठी साहित्याचा इतिहास मात्र पुस्तकांवरूनच लिहिला गेला, म्हणून ज्यांचे लेखन पुस्तकापर्यंत पोचले नाही त्या बायका त्यात नाहीत. जुन्या नियतकालिकांचे कागद पिवळे पडून तुटत चालले आहेत, आणि पुष्कळांच्या सूच्याही झालेल्या नाहीत. ज्यांच्या घरात अशी बांधलेली वर्षे किंवा सुटे अंक पडून असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथसंग्रहालयाकडे द्यावेत.